कृती सांगण्याचे पुण्य

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले जातात : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. भोजनशाळा, दवाखाने आणि पांजरपोळ यांच्या देणगीफलकांवर व्यापारी कुटुंबांची नावे पिढ्यान्‌पिढ्या कोरलेली आढळतात. शास्त्रदान मात्र बहुधा ग्रंथ छापून वाटण्यापुरते उरते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणे सांगताना निह्नव आणि मात्सर्य यांचा उल्लेख येतो. निह्नव म्हणजे ठाऊक असलेले लपविणे, तसेच ज्याच्याकडून विद्या मिळाली त्या गुरूचे नाव दडविणे. मात्सर्य म्हणजे देण्याजोगे ज्ञान, दुसरा बरोबरीला येईल या भीतीने, न देणे. तेथील ज्ञान हे प्रथमतः शास्त्राचे व आत्म्याचे ज्ञान होय. परंतु मनाचा जो विकार शास्त्र लपवितो, तोच हुन्नरही लपवितो. अनेक पेढ्यांत घडणावळीची वा माल पारखण्याची एखादी युक्ती वडील मुलाला अगदी उतारवयात सांगतात, आणि काही युक्त्या न सांगताच त्यांच्याबरोबर जातात. या विकाराचे आणि त्यावरील उताऱ्याचे एक बोलके उदाहरण छायाचित्रकलेच्या इतिहासात सापडते.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदी निगेटिव्हची आपली पद्धत १८४१ मध्ये पेटंटने बांधून घेतली. धंद्यासाठी ती वापरू पाहणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. दहा वर्षांनी, १८५१ च्या मार्च महिन्यात, फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या शिल्पकाराने काचेवर कोलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची कृती रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून टाकली आणि तिचे पेटंट घेतले नाही. काचेच्या एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या सुस्पष्ट प्रती निघू लागल्या. पुढील सुमारे तीस वर्षे जगातील बहुतेक स्टुडिओ या एका कृतीवर चालले.

ही कृती सोपी मात्र नव्हती. काच स्वच्छ पुसून तिच्यावर कोलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्यापूर्वी धुऊन काढायचे. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कोलोडियनमध्ये ईथर असते आणि उष्ण हवेत ते झपाट्याने उडून जाते. लंडनच्या हवेत बसविलेली प्रमाणे मुंबईच्या वैशाखात कशी लागू पडावीत? येथे पुस्तक अपुरे पडे. ज्याने याच हवेत काच बिघडवून पाहिली आहे, त्याचा अनुभवच उपयोगी पडे. छायाचित्रकारांना एकत्र बसावे लागले, ते या गरजेतून.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. १८५६ मध्ये मद्रास व कलकत्ता येथेही अशा संस्था उभ्या राहिल्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी व मुलकी इंग्रज अधिकारी बहुसंख्य होते, तरीही डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तिचे सभासद झाले. नारायण दाजी वैद्यक सांभाळून छायाचित्रे काढीत. याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यातून शिकून निघालेले हरिचंद चिंतामण हे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून सुमारे दोन वर्षे हौशी छायाचित्रकारांच्या नावाचा एक मासिक संग्रह चालविला. त्याच्या प्रत्येक अंकात तीन मूळ छायाचित्रे लावलेली असत. डॉक्टर, अधिकारी, विद्यार्थी आणि स्टुडिओचालक यांनी एकमेकांची चित्रे पाहावीत व कृती विचाराव्यात, अशी ही व्यवस्था होती. हौशी माणसाला धंद्याची चिंता नसल्याने तो मोकळेपणाने सांगे, आणि त्या सांगण्यावर व्यावसायिकाचे दुकान उभे राही.

जैन समाजाला अभिमान वाटावा असे नाव याच परंपरेत पुढे आले. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय रत्नांचा. शिक्षण रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे. नोकरी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, हौस म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समाविष्ट झाली. पुढे हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा’ ही पदवी दिली. सिकंदराबादनंतर १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही भव्य स्टुडिओ उघडला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. निगेटिव्हवर क्रमांक घालण्याची त्यांच्या स्टुडिओची शिस्त व्यापाऱ्याच्या चोपडीची आठवण करून देते.

या यशातील एक गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी. दीनदयाळ यांच्या घराण्यात ही विद्या नव्हती. रत्नाची पारख वडिलांकडून मिळू शकते. काचेवर थर कसा द्यावा, हे सरधन्याच्या पेढीवर कोणीच शिकवू शकत नव्हते. ज्या कृतीवर त्यांचा व्यवसाय उभा राहिला, ती घराबाहेरच्या कोणीतरी लपवून न ठेवल्यामुळेच त्यांच्यापर्यंत पोहोचली. वारशाने धन येते, परंतु नवी विद्या बहुधा परक्याच्या औदार्याने येते.

कृती उघड असण्याचा आणखी एक लाभ जैन वाचकाला इतरांहून अधिक जाणवेल. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य छायाचित्रे अल्ब्युमेन कागदावर छापली जात. या कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप असे. दीनदयाळ यांच्या बहुतेक प्रतीही याच कागदावरच्या. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कृती प्रसिद्ध केली; त्यानेही ती पेटंटने अडवून ठेवली नाही. तेव्हापासून काचेच्या कोरड्या प्लेटा, नंतरचे फिल्मचे रोल आणि छपाईचा रासायनिक कागद या साऱ्यांचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसल्याने चित्र घेताना हा प्रश्न उरत नाही. परंतु लग्नाच्या अल्बमसाठी लॅबमधील रासायनिक कागदावर ज्या प्रती निघतात, त्यांत जिलेटिन आजही असते. एखादे कुटुंब या माहितीचा जसा अर्थ लावायचा तसा लावील. कोणी प्रती मोजक्याच काढील, कोणी शाईने छापलेले पुस्तक करून घेईल आणि त्या कागदाच्या लेपाचीही चौकशी करील. परंतु वस्तू कशाची बनली हे ठाऊक असेल तरच विवेकाला वाव मिळतो. गुपिताच्या पडद्याआड अहिंसेचे पालन करता येत नाही.

आता आजच्या दुकानाकडे यावे. सराफी असो, कापड असो वा भांडी, मालाचे चित्र फोनवर पाठविल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. हे काम बहुधा घरातील तरुण मुलगा, मुलगी किंवा सून करते आणि एकेकटीच चाचपडत राहते. अनेक शहरांत छायाचित्रकारांची मंडळे आहेत. हौशी व व्यावसायिक तेथे आपली चित्रे मांडतात. चांगल्या मंडळात ‘वा, सुंदर!’ एवढ्यावर बोलणे थांबत नाही. प्रकाश कोणत्या बाजूने होता, छिद्र किती उघडे होते, शटर किती वेळ उघडले, हे मांडणाऱ्याने सांगायचे असते, आणि दोष दाखविणाऱ्याने तो कसा टाळता येईल हेही सांगायचे असते.

अशा बैठकीतून काय हाती लागते याची दोन-तीन उदाहरणे पुरेत. सोन्याचा चकाकता दागिना आरशासारखा असतो. समोर धरलेला फोन आणि हातही त्यात उमटतो. त्यावर दिवा थेट रोखू नये. मध्ये पातळ पांढरे कापड किंवा बटर पेपर धरला की प्रकाश मऊ होऊन पसरतो. बाजूला काळा पुठ्ठा ठेवला की हिऱ्याच्या कडा उठून दिसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून छिद्र एफ/११ च्या आसपास लहान करावे, म्हणजे हाराचे पुढचे व मागचे पदर दोन्ही स्पष्ट येतात. लहान छिद्रातून प्रकाश कमी येतो, म्हणून शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. दुसरे असे, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या तेजाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे संगमरवर वा पांढरे शालू मळकट दिसतात. तेथे प्रकाश एक-दीड स्टॉप वाढवावा. काळ्या कापडाच्या बाबतीत तो तितकाच कमी करावा. तिसरी बाब नीतीची. पिवळ्या दिव्याखाली चांदीचा पेला सोनेरी भासतो आणि साडीचा रंग बदलतो. पांढऱ्या रंगाचा समतोल नीट साधून खरा रंग दाखविणे हे तंत्र आहेच. शिवाय ते व्यापाऱ्याचे सत्यव्रतही आहे.

एकाच चित्राकडे पाहून एक म्हणतो छाया गडद आहे, दुसरा म्हणतो त्या छायेमुळेच नक्षी उठून दिसते. दोघेही आपापल्या जागेवरून खरे बोलतात. अनेकान्ताचा पाठ पाठशाळेत मिळतो; त्याचा सराव अशा बैठकीत होतो.

येथे कोणी व्यवहारी माणूस विचारील : हुन्नर वाटून टाकला तर पोट कशावर भरावे? प्रश्न रास्त आहे. आर्चर १८५७ मध्ये निर्धन अवस्थेत वारला आणि त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली. त्याच्या कृतीवर इतरांनी मात्र पैसा मिळविला. हे सत्य झाकून दानाचा महिमा गाणे योग्य होणार नाही. परंतु त्यातून निघणारा बोध ‘सांगू नये’ हा नव्हे. ज्यांनी घेतले त्यांचे कर्तव्य चुकले, हा तो बोध होय. ग्राहकांची यादी, खरेदीचे भाव, सौद्याची बोलणी ही पेढीची मालमत्ता आहे. ती कोणी वाटावी असे धर्म सांगत नाही. तंत्राचे तसे नाही. ते सांगितल्याने सांगणाऱ्याकडचे कमी होत नाही, आणि त्याची वर्षानुवर्षे तयार झालेली नजर तर कोणाला नेताही येत नाही.

घेणाऱ्याचे कर्तव्य दुहेरी आहे. तंत्र शिकावे, परंतु दुसऱ्याने काढलेले चित्र न विचारता आपल्या कॅटलॉगात चिकटवू नये. तो सरळसरळ अस्तेयव्रताचा भंग आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्रालाही संरक्षण दिलेले आहे. दुसरे कर्तव्य नाव सांगण्याचे. प्रतिष्ठा महोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदाराचे, मुद्रकाचे, मांडववाल्याचेही नाव छापले जाते. पानापानांवर ज्याची चित्रे असतात त्या छायाचित्रकाराचे नाव पुष्कळदा कोठेच नसते. निह्नवाची व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते.

यावर उपाय खर्चाचा नाही. युवक मंडळाने वा महिला मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. प्रत्येकाने आपले एकच चित्र आणावे, ते कसे काढले हे सांगावे, कोणाकडून शिकले ते सांगावे आणि दोष ऐकून घ्यावेत. गावातील व्यावसायिक छायाचित्रकाराला सन्मानाने बोलवावे व त्याच्या वेळेचे मानधन द्यावे. पुढील स्मरणिकेत प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव छापावे. शास्त्रदानाच्या पावतीपुस्तकात अशा दानाची नोंद होत नाही. परंतु ज्या घरातील मुलीला उद्या एकटीने चाचपडावे लागणार नाही, त्या घरात ते दान पोहोचलेले असेल.