उचलायला काय येतंय, ते आधी विचारा

बंद पडलेल्या गाडीचा मालक फोनवर दोनच गोष्टी विचारतो: किती वेळात येताय आणि किती घेणार? काय घेऊन येताय, हे क्वचितच कुणी विचारतं. गाडी धड गॅरेजला पोहोचणार की वाटेत गिअरबॉक्सचा नवा खर्च काढणार, हे मात्र त्याच उत्तरावर ठरतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोर. कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत तो चालून जातो. नियमाने दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत लागतो. घाटात मात्र दोर नकोच. दोर ओढतो, थांबवत नाही. मागची गाडी तिच्याच ब्रेकने थांबवावी लागते, आणि इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत संपते. मग पेडल कडक, स्टिअरिंग जड, आणि किल्ली काढलेली असेल तर स्टिअरिंग लॉकसुद्धा. खंडाळ्याच्या उतारावर पुढच्या गाडीपासून पाच मीटरवर राहून हे सगळं सांभाळायला निघणं म्हणजे शुद्ध अविचार.

दुसरी म्हणजे दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ठेवणारी क्रेन. स्विफ्ट किंवा बलेनो पुढून उचलली तर फारसं बिघडत नाही. त्यांच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, मागची नुसती फिरतात. इनोव्हा क्रिस्टाचं उलट आहे. ती पुढून उचलली की रस्त्यावर राहिलेली मागची चाकं गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवत राहतात. ऑटोमॅटिकमध्ये तेल पोहोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तेल बंद, आणि आतली घासाघीस चालू! त्याच घराण्यातली हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे ‘इनोव्हा आहे’ एवढं सांगून भागत नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर चाकाबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. इलेक्ट्रिक आणि फोर-बाय-फोर गाडीसाठी चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवावा. गाडीच्या पुस्तिकेत टोइंगचं पान असतं. ते घरी असतानाच वाचून ठेवावं.

फ्लॅटबेड आला म्हणजे सुटलो, असंही नाही. विंचच्या तारेने गाडी वर ओढायची आणि त्याच तारेच्या भरवशावर निघायचं, असं करणारे काही कमी नाहीत. तार वर चढवण्यासाठी असते. वाटेत गाडी धरून ठेवायचं काम पट्ट्यांचं. शक्यतो चारही चाकांना टायरवरून पट्टे हवेत, म्हणजे गाडी स्प्रिंगवर हलली तरी पट्टा सैल पडत नाही. खाली हात घालून मिळेल त्या दांड्याला हुक अडकवला तर व्हील अलाइनमेंट गेलंच समजा. हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि काही किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. वर चढवलेल्या गाडीत मात्र कुणीही बसू नये. पाऊस आहे, पोरं दमली आहेत, म्हणून काचा वर करून आत बसलेली कुटुंबं दिसतात. पट्टा तुटला तर त्यांच्या हातात ना ब्रेक असतो, ना स्टिअरिंग.

रॅलीच्या किंवा व्हिंटेज गाड्यांची हौस असलेल्यांना कधी तरी स्वतःचा ट्रेलर घ्यावासा वाटतो. कायद्याच्या लेखी ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. घेताना एकूण क्षमतेच्या आकड्याला भुलू नये. 2,500 किलोंच्या ट्रेलरचं स्वतःचं वजन 700 किलो असेल तर गाडी, सुटे टायर आणि हत्यारांसाठी उरतात 1,800. आपली ओढणारी गाडी किती ओढू शकते, हा हिशेब त्याहून वेगळा. मग येते वजनाची जागा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार जोडावर यावा. जास्त आला तर काय होतं, ते ऊसतोडणीच्या हंगामात पुढची चाकं उचलून धरलेल्या ट्रॅक्टरने सगळ्यांना दाखवलंय. कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. तेव्हा घाबरून ब्रेक मारू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, थांबल्यावर वरची गाडी थोडी पुढे घ्यावी.

दोष एकट्या टोइंगवाल्याचा आहे, असं मला वाटत नाही. त्याला पैसे किलोमीटरचे मिळतात. पट्टे बांधायची दहा मिनिटं कुणाच्याच बिलात नसतात. विमा कंपन्यांना हे सहज बदलता येईल. मदतीचा फोन आला की मॉडेल, गिअरबॉक्स आणि कुठली चाकं ओढतात, हे विचारून त्याप्रमाणे वाहन पाठवणं त्यांनी स्वतःवर बंधनकारक करून घ्यावं. मोफत टोइंगच्या किलोमीटरइतकंच ठळकपणे ते पॉलिसीत छापावं.

तोपर्यंत ग्राहकानेच हट्टी व्हावं. चुकीची क्रेन आली तर परत पाठवावी. तासभर कठड्यापलीकडे उभं राहावं लागेल, पण तो तास गिअरबॉक्सपेक्षा स्वस्तच पडतो.