मिस्सा संपल्यावर
भिवंडी तालुक्याला लागूनच वसई. तिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा धर्म चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेबरोबर, म्हणजे उपासनेबरोबर, संपत नसे. हिरव्या वाड्या बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, विहिरींवर टँकर लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला. वाडवळ, भंडारी, ख्रिस्ती असा भेद न करता पाण्यासाठी भांडला. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांचा धर्म काढणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. (की असावे?) त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी माझ्या मते त्यांची मोठी उपासना ती विहिरींपाशीची. चर्चमध्ये नेमाने पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी आपल्या गावचे पाणी कोण उपसतो, याचीही चौकशी करावी.