थारवरील खर्चाचा क्रम

महिंद्राची थार २०१० साली बाजारात आली आणि २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. आज अनेक घरांत हीच गाडी आठवडाभर दुकानाला व शाळेला जाते आणि सुटीत घाटातील कच्च्या वाटेवर उतरते. अशा गाडीच्या सुधारणेसाठी रक्कम मर्यादित असेल, तर खर्चाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

पहिला मान ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि कूलंट यांचा. झिजलेल्या गाडीवर नवे सामान चढविणे म्हणजे थकलेले कर्ज न फेडता नवे उचलणे होय. त्यानंतर मूळ मापाचेच ऑल-टेरेन टायर. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर मूळ काटा ८० दाखवीत असता प्रत्यक्ष वेग ८४ होतो. ब्रेकवरील भारही वाढतो. तिसरा क्रम हवेच्या छोट्या कॉम्प्रेसरचा व गाडी ओढण्याच्या मजबूत पट्ट्याचा. वाळूत टायरमधील हवा कमी केल्यास पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावीच लागते.

उंची वाढविणारे सस्पेन्शन टाळलेलेच बरे. उंच गाडी वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते, आणि विमा कंपनीपासून लपविलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. सोमवारी सकाळी त्याच गाडीतून मुले शाळेला जायची असतात, हे मेकॅनिकपुढे यादी ठेवताना ध्यानी असावे.