साथीचा भुर्दंड प्रवाशाने का सोसावा?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी पुकारली गेली आणि लाखो लोकांचे ठरलेले प्रवास एका रात्रीत रद्द झाले. साथ ही कोणा एकाची चूक नव्हती, हे खरे. परंतु जो प्रवास झालाच नाही त्याचे पैसे कोणाच्या खिशात राहावेत, हा प्रश्न साथीचा नसून मालमत्तेचा आहे. आणि पैसा ज्याच्या हाती पडलेला असतो त्याच्याच बाजूने अशा प्रश्नाचा निकाल लागतो, याचा प्रत्यय त्या काळात पुन्हा आला.

विमानकंपन्यांनी रोख परताव्याऐवजी प्रवाशांच्या नावे केवळ पत जमा दाखविली. म्हणजे ज्यांचे रोजगार बुडाले होते त्यांच्याकडूनच बिनव्याजी कर्ज उचलले! अखेर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचे निर्देश दिले, व दलालांमार्फत आलेली रक्कमही तत्काळ प्रवाशांच्या हाती पडावी असे बजावले. तरीही 'यात्रा' या संकेतस्थळाकडे २०२१ मध्ये प्रवाशांचे २६ कोटी २५ लाख रुपये थकलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाठपुरावा केल्यानंतर जून २०२४ मध्ये ही थकबाकी अडीच कोटींवर आली. चार वर्षे लोटली, तरी ती शून्य झाली नव्हती.

याउलट, रेल्वेने रद्द झालेल्या गाड्यांचे पूर्ण भाडे परत केले. हजयात्रा रद्द होताच २ लाख १३ हजार अर्जदारांचे पैसे कोणतीही कपात न करता थेट बँक खात्यात परत करण्याचा निर्णय सरकारने जून २०२० मध्ये जाहीर केला. सार्वजनिक यंत्रणेला जे साधते ते खाजगी यंत्रणेला अशक्य का वाटावे?

विमानप्रवाशांची दाद निदान दिल्लीपर्यंत पोहोचली. संगमनेरसारख्या, रेल्वे नसलेल्या गावाचे काय? येथला शेतकरी, विडी वळणारी बाई, निवृत्त शिक्षक काशीला किंवा चारधामला निघतात ते एखाद्या यात्रा चालकाकडे हप्त्याहप्त्याने पैसे भरून. पुष्कळदा पावती नसते. असली तर 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' हे वाक्य तिच्यावर आधीच छापलेले असते. वास्तविक १८७२ च्या करार कायद्याचे ६५ वे कलम सांगते की, करार निरर्थक ठरल्यास त्यापोटी मिळालेला लाभ परत केला पाहिजे. परंतु कायदा पुस्तकात आणि जिल्हा ग्राहक आयोग सुमारे शंभर किलोमीटरवर अहिल्यानगरला!

लहान यात्रा चालकही पुढे हॉटेलवाल्याला व बसमालकाला पैसे देऊन अडकलेला असतो, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच उत्तर केवळ त्याला धारेवर धरण्यात नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार अटळ संकटामुळे संघटित सहल रद्द झाली, तर १४ दिवसांत पूर्ण रक्कम परत द्यावी लागते. आयोजकाचे दिवाळे निघाले तरी प्रवाशाच्या पैशाला संरक्षण असते. आपल्याकडेही यात्रा चालकांची सक्तीची नोंदणी, प्रत्येक यात्रेकरूमागे अल्पशी वर्गणी घेऊन उभारलेला हमी निधी, आणि प्रवाशाच्या संमतीविना पतपत्र देण्यास बंदी, एवढे राज्य सरकारने केलेच पाहिजे. जोखीम साऱ्यांनी वाटून घेणे यालाच तर आपण समाजवाद म्हणतो.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. गावोगावी पावतीचा आग्रह धरावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगाकडे शुल्क पडत नाही, तक्रार संगणकावरूनही दाखल होते, मात्र तिला दोन वर्षांची मुदत असते, हे यात्रेकरूंना समजावून सांगावे. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहून देणारे एक टेबल मांडले तरी पुष्कळ काम होईल. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तिचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे मात्र आजच ठरविता येईल.