तेल सुटले, राग तसाच

डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने २००० साली काढले. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांनी आपल्याच हृदयविकाराची उलटतपासणी त्यात केली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत ते वाचले गेले. उचलले मात्र त्यातले तेल-तूप तेवढेच! बिनतेलाची भाजी शिकली ती घरातली बाई. यजमान घास मोजून खातात, आणि वरणात मीठ कमी पडले की पूर्वीसारखेच गरजतात.

बंगांनी नुसत्या चरबीचा नव्हे, आपल्या घाईचा नि ताणाचाही शोध घेतला. त्यांना वाट दाखवली अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी. ऑर्निश यांच्या १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहाराबरोबर व्यायाम, योगासने, ध्यान आणि रुग्णांनी एकत्र बसून मन मोकळे करणेही होते. वर्षभरात रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे उतरले. त्यात आहाराचे श्रेय किती नि मनाचे किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. पण संतापात अ‍ॅड्रिनलिन उसळते, नाडी धावते, रक्तदाब चढतो, एवढे निश्चित.

आमच्या बँकेत मार्चअखेरीस कॅशियरवर ओरडणारे साहेब कर्तबगार गणले जात. घरीही तोच शिरस्ता.

दवाखान्यात डॉक्टर साखर, वजन, रक्तदाब विचारतात. यजमान आठवड्यात किती वेळा ओरडले हे सांगू शकणारी बाई बाहेरच्या बाकावर बसलेली असते.