सरकारी हिशेबांना संशोधक हवेत

प्रभादेवी आणि परळ यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल शंभराहून अधिक वर्षे झिजला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. अशी झीज सरकारी हिशेबात कुठे दिसते? राज्य सरकारचे हिशेब आजही रोखीच्या पद्धतीने ठेवले जातात. राज्याच्या तिजोरीतून पूल बांधला, की त्याचा खर्च 5054 या लेखाशीर्षाखाली पडतो आणि डागडुजीचा 3054 खाली. मधल्या वर्षांत पूल किती जीर्ण झाला, त्याच्या जागी नवा उभारण्यासाठी किती रक्कम बाजूला काढायला हवी होती, याला वहीत रकानाच नाही. काम पूर्ण झाले पण ठेकेदाराचे देयक थकले, तर तेही देणे म्हणून ताळेबंदात उतरत नाही. थकलेल्या देयकांसाठी राज्यातल्या ठेकेदारांना 2025 मध्ये आंदोलन करावे लागले, त्याचे एक मूळ इथे आहे. हिशेब कसा मांडायचा हा कारकुनी प्रश्न नाही. जे वहीत येत नाही ते अर्थसंकल्पाच्या चर्चेतही येत नाही. म्हणूनच सरकारी लेखा आणि वित्त व्यवस्थापन या विषयातल्या पीएच.डी. संशोधनासाठी राज्य सरकार आणि मुंबई महापालिकेने स्वतंत्र अधिछात्रवृत्ती सुरू करायला हवी.

या मागणीला आपल्याच इतिहासाचा भक्कम आधार आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या तरुणाने, म्हणजे भीमराव आंबेडकरांनी, पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा पीएच.डी.चा विषय घेतला. 1833 नंतर एकवटलेली तिजोरी 1871 पासून टप्प्याटप्प्याने प्रांतांकडे कशी मोकळी होत गेली, हे त्यांनी सरकारी कागदपत्रांतून उलगडून दाखवले. 1925 मध्ये ग्रंथरूपाने आलेले हे काम त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केले. परळच्या बीआयटी चाळीत दीर्घकाळ राहिलेल्या याच विद्वानाने 1949 मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षक हे संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे सांगितले. वित्तव्यवस्थेच्या अभ्यासासाठी दिलेला पैसा किती दूरवर फळतो, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

यावर पहिला आक्षेप असा, की कॅग आहे, पालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आहेत, सनदी लेखापाल आहेत. मग संशोधक कशाला? लेखापरीक्षक नियम मोडला का ते पाहतो. मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांच्या विशेष लेखापरीक्षणाचा अहवाल मार्च 2023 मध्ये विधिमंडळात आला. निविदेविना दिलेली आणि करारनाम्याविना सुरू झालेली कामे त्याने उघड केली, आणि ते मोलाचेच काम होते. पण तीच चूक खात्याखात्यांत पुन्हा पुन्हा का होते, कोणता नियम बदलला तर ती थांबेल, हे शोधायला तीन-चार वर्षांची सलग बैठक लागते. पालिकांसाठीची राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिका 2004 मध्ये आली आणि तिने येणे-देणे नोंदवणारी उपार्जित पद्धत सुचवली. दोन दशकांत तिने पालिकांचे निर्णय बदलले का? मुंबईच्या हजारो कोटींच्या मुदत ठेवींपैकी निवृत्तिवेतन आणि ठेकेदारांच्या अनामतीपोटी अडकलेल्या किती, आणि खरोखर मोकळ्या किती? या प्रश्नांवर वर्षानुवर्षे राजकीय भांडण होते. त्यांचा अभ्यास व्हायला हवा.

दुसरा आक्षेप पैशाचा. शाळा आणि दवाखाने तुटपुंज्या पैशात चालत असताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. म्हणून आकडा मांडू. दहा संशोधकांना दरमहा 50 हजार रुपये दिले तर वर्षाला 60 लाख होतात. पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, म्हणजे दिवसाला सुमारे 204 कोटींचा. दहा संशोधकांचे वर्ष पालिकेच्या चार-पाच मिनिटांच्या खर्चात भागते. दवाखान्यातले औषध वेळेवर का पोचत नाही, याचे उत्तरही अनेकदा मंजुरी, वितरण आणि देयक यांच्या साखळीतच दडलेले असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: सरकारी पैशावर जगणारा संशोधक सरकारविरुद्ध लिहील का? ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आधीच योजावा लागेल. निवड विद्यापीठातील आणि बाहेरील तज्ज्ञांच्या समितीने करावी, खात्याने नव्हे. प्रबंध छापण्यापूर्वी खात्याची परवानगी घ्यावी लागू नये. आणि मंजूर नोंदी, देयकांच्या तारखा, मालमत्तांची नोंदवही ही माहिती मिळण्याचा हक्क अधिछात्रवृत्तीच्या आदेशातच लिहिलेला असावा. नाहीतर संशोधकाची वर्षे माहिती अधिकाराच्या अर्जांत आणि अपिलांतच सरतील. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देताना निष्कर्ष ठरवून दिला नव्हता. प्रभादेवीत नवा पूल उभा राहील, तेव्हा त्याची किंमत जशी वहीत येईल तशी त्याची दरवर्षीची झीजही यावी, आणि ती कशी मांडायची हे सांगणारी माणसे आपण आजच घडवायला घ्यावीत.