मालकी कोणाची, राखण कोणाची?

२०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क या उद्योगपतीने ट्विटर ४४ अब्ज डॉलरला विकत घेतले. कोट्यवधींची चावडी एका सौद्यात मालक बदलू शकते, हे त्या वेळी उघड झाले. त्यावर उतारा म्हणून मॅस्टोडॉनचे नाव घेतले जाते. २०१६ साली जर्मनीत निघालेल्या या मुक्त प्रणालीत कोणासही स्वतःचा सर्व्हर उभारता येतो. ॲक्टिव्हिटीपब या समान नियमावलीमुळे असे हजारो सर्व्हर परस्परांशी जोडलेले राहतात. विकेंद्रीकरणाचे हे तत्त्व स्वागतार्हच आहे.

परंतु सर्व्हर उभारणे हे एका दिवसाचे काम, राखणे रोजचे. इतर सर्व्हरांवरून येणाऱ्या चित्रांनी डिस्क भरते. सुरक्षेच्या दुरुस्त्या तातडीने बसवाव्या लागतात. माहितीसाठ्याची प्रत अन्यत्र ठेवावी लागते. द्वेषमूलक मजकुराचा निवाडा करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हा सारा भार एकटा चालक पदरमोड करून वाहतो. तो थकला की सर्व्हर बंद. सभासदांना आपले अनुयायी दुसरीकडे नेता येतात, जुने लेखन नेता येत नाही; आणि सर्व्हर अकस्मात बंद पडला तर अनुयायीही गमवावे लागतात. मग बड्या मालकाच्या जागी छोटा मालक आला, एवढाच फरक!

तेव्हा प्रश्न यंत्राचा नसून संघटनेचा आहे. सोशल.कोऑप हा सर्व्हर सभासदांची वर्गणी व सामुदायिक निर्णय यांवर सहकारी पद्धतीने चालतो. वर्गणी, उघडा हिशेब, कामाच्या पाळ्या आणि किमान दोघांच्या हाती किल्ल्या, एवढी तयारी असलेल्या कार्यकर्त्यांनीच हे काम अंगावर घ्यावे.